ऑटोमॅटिक डिझेल गाडीच्या गिअरबॉक्सचे तेल : निवड आणि निगा

लेखांक ९

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधले तेल इतकी कामे एकाच वेळी करते, की त्याला नुसते वंगण म्हणणे अपुरे ठरते. इंजिनाची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातूनच जोडणाऱ्या भागातून, पुढे चाकांकडे नेते ते हे तेल. वॉल्व्ह बॉडीतल्या बारीक वाटांमधून दाबाने जाऊन क्लच आवळते तेही हेच. गिअर आणि बेअरिंगांना वंगण पुरवणे, आतली उष्णता कूलरपर्यंत वाहून नेणे ही कामेही त्याचीच. शिवाय सर्वांत नाजूक काम वेगळेच आहे : तेलात भिजलेल्या क्लच प्लेटा एकमेकींना किती घट्ट आणि किती हळुवार धरतील, हे तेलच ठरवते. साध्या गिअरबॉक्समध्ये ‘नव्वद नंबर’ गिअर ऑइल थोडे जाड किंवा पातळ पडले तर गिअर जरा जड पडतो, पण गाडी चालत राहते. ऑटोमॅटिकमध्ये चुकीचे तेल पडले तर काही हजार किलोमीटर काहीच कळत नाही. कळते तेव्हा क्लच प्लेटा करपलेल्या असतात आणि दुरुस्तीचा आकडा लाखांच्या घरात जातो.

हा विषय धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीसारख्या तालुक्यापर्यंत अलीकडेच आला. बालाघाटच्या पठारावरच्या या भागात मालवाहतूक आजही प्रामुख्याने हाताने गिअर टाकायच्या पिकअप आणि ट्रकवर चालते. पण सोलापूर–धुळे मार्ग, म्हणजे आताचा राष्ट्रीय महामार्ग ५२, चौपदरी झाल्यानंतर तेरखेडा–पारगाव पट्ट्यात दिसणाऱ्या डिझेल गाड्यांत ऑटोमॅटिकचे प्रमाण वाढत चालले आहे. टोयोटाची फॉर्च्युनर आणि हायलक्स, इसुझूची व्ही-क्रॉस, महिंद्राच्या चाकणला तयार होणाऱ्या स्कॉर्पिओ-एन आणि एक्सयूव्ही ७००, नाशिकची थार, टाटांच्या हॅरिअर आणि सफारी, रांजणगावच्या जीप कंपास आणि मेरिडियन या सर्वांत टॉर्क कन्व्हर्टरचा खरा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळतो. यातल्या हायलक्स आणि व्ही-क्रॉस या पिकअप आहेत. अमेरिकेत ‘ट्रक’ म्हणतात तो हाच वर्ग.

या गाड्यांचा टॉर्क पाहिला की तेलावरचा भार ध्यानात येतो. फॉर्च्युनर आणि हायलक्सच्या २.८ लिटर इंजिनाला हाताच्या गिअरबॉक्ससह ४२० न्यूटन-मीटर टॉर्क दिला जातो, तर ऑटोमॅटिकसह ५००. स्कॉर्पिओ-एनमध्ये हेच आकडे ३७० आणि ४०० आहेत. म्हणजे कंपनी जास्तीची ताकद जाणूनबुजून ऑटोमॅटिकच्या हवाली करते. डिझेल इंजिन ही ताकद पेट्रोलच्या मानाने फार कमी फेऱ्यांवर, १५०० ते २००० च्या आसपासच, एकदम देते. त्याचे धक्केही जास्त जोरकस असतात. हे सगळे झेलणाऱ्या क्लच प्लेटांच्या मधे असतो तो फक्त तेलाचा पातळ थर.

निवडीची पहिली पायरी गाडीत नेमका कोणता ऑटोमॅटिक आहे, ही ओळख. ‘ऑटोमॅटिक’ या एकाच शब्दाखाली चार वेगळी यंत्रे विकली जातात. टॉर्क कन्व्हर्टरचा गिअरबॉक्स हा एक प्रकार, आणि हा लेखांक मुख्यतः त्याच्याबद्दल आहे. दुसरा एएमटी. त्यात आत नेहमीचाच गिअरबॉक्स आणि नेहमीचाच क्लच असतो, फक्त क्लच दाबणे आणि गिअर बदलणे यंत्र करते. मोठ्या मालवाहू ट्रकमध्ये ‘ऑटोमॅटिक’ म्हणून येतो तो बहुतेक वेळा हाच. व्होल्वोने २००१ मध्ये आणलेला आय-शिफ्ट याच जातीचा. त्याला नेहमीचे गिअर ऑइल लागते, ऑटोमॅटिकचे लाल तेल (एटीएफ) नव्हे. तिसरा दुहेरी क्लचचा आणि चौथा पट्ट्याचा सीव्हीटी. दोघांची तेले पूर्णपणे वेगळी. सीव्हीटीमध्ये साखळी किंवा पट्टा पुलीवर घसरता कामा नये, म्हणून त्याच्या तेलाला पकड जास्त लागते. ते तेल टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत घातले तर गिअर धक्क्याने पडू लागतात. गॅरेजमध्ये ‘ऑटो गाडीचं तेल द्या’ एवढेच सांगणे म्हणूनच धोक्याचे आहे.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समध्ये तेलाची खरी परीक्षा होते ती घर्षणावर. कन्व्हर्टरच्या आत एक लॉक-अप क्लच असतो. गाडी वेगात आली की तो इंजिन आणि गिअरबॉक्स यांना थेट जोडतो आणि तेलातून होणारी ताकदीची गळती थांबते. आधुनिक गाड्यांत हा क्लच पुष्कळदा पूर्ण न जोडता मुद्दाम किंचित घसरता ठेवतात, म्हणजे डिझेल इंजिनाचे हादरे प्रवाशांपर्यंत पोचत नाहीत. हे नियंत्रित घसरणे तासन्‌तास चालते. त्या वेळी प्लेटांमधले घर्षण एका विशिष्ट रीतीने वागावे लागते : घसरण्याचा वेग शून्याकडे जाईल तसे घर्षणही कमी होत गेले पाहिजे. उलटे झाले, म्हणजे थांबताना पकड अचानक वाढली, तर प्लेटा क्षणभर चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात. सेकंदाला कित्येकदा हे घडते आणि ताशी ६० ते ८० किलोमीटरवर हलक्या अ‍ॅक्सिलरेटरला गाडी टोलनाक्याआधीच्या आडव्या पांढऱ्या पट्ट्यांवरून चालल्यासारखी थरथरते. चालकाला वाटते टायरचे बॅलन्सिंग गेले. टायरवाला वजने लावून पाहतो, थरथर जात नाही. दोष असतो तेलात.

हे घर्षण सांभाळण्यासाठी तेलात विशेष रसायने घालतात. त्यांचे रेणू प्लेटांच्या पृष्ठभागावर अतिशय पातळ पडदा धरतात. प्लेटांवरचे अस्तर बहुधा कागदासारख्या तंतुमय पदार्थाचे आणि राळेने घट्ट केलेले असते. प्रत्येक कंपनीचे अस्तर निराळे, दाब निराळा, क्लच किती क्षणांत आवळायचा याचे संगणकातले गणितही निराळे. त्या गणितात तेलाचे घर्षण आधीच धरलेले असते. म्हणून तेल हा गिअरबॉक्सचा बनवतानाच ठरलेला एक सुटा भाग आहे. दोन्ही तेले उत्तम असूनही एकाच्या जागी दुसरे चालत नाही, ते यामुळे.

हे ज्ञान उद्योगाला ठेचा खातच मिळाले. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये हायड्रा-मॅटिक हा मोठ्या संख्येने बनलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ओल्ड्‌समोबिल गाड्यांसाठी आणला आणि १९४९ मध्ये ‘टाइप ए’ हे ऑटोमॅटिकसाठीच्या तेलाचे पहिले मानक ठरवले. १९६७ मध्ये त्याच कंपनीचे ‘डेक्सरॉन’ आले. त्या काळी घर्षण सांभाळण्यासाठी तेलात स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल घालीत. ते काम ते फार छान करी. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने नामशेष होणाऱ्या व्हेलच्या तेलावर बंदी घातली आणि पर्यायी रसायने शोधताना कंपन्यांची दमछाक झाली; सुरुवातीच्या पर्यायांनी कूलरचे धातू खाल्ल्याच्या तक्रारी आल्या. दुसरीकडे फोर्डने बराच काळ उलटा मार्ग धरला होता. त्यांचे ‘टाइप एफ’ तेल जोरदार पकडीचे होते, कारण त्यांचे क्लच तशा पकडीसाठी बनवलेले होते. एकाचे तेल दुसऱ्यात टाकले की गिअर आदळत किंवा घसरत. आज दुकानात दिसणारी नावांची गर्दी, डेक्सरॉन, मर्कॉन, टोयोटाचे डब्ल्यूएस, ह्युंदाईचे एसपी-४, क्रायस्लरचे एटीएफ प्लस फोर, याच इतिहासातून आली आहे.

गाडीचे नाव सांगून भागत नाही, गिअरबॉक्स कळावा लागतो, हे सांगणारे एक उदाहरण अमेरिकेतले आहे. रॅम ३५०० या दणकट पिकअपला त्याच ६.७ लिटर कमिन्स डिझेल इंजिनामागे दोन वेगळे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळत असत : एक क्रायस्लरचा स्वतःचा आणि एक जपानच्या आयसिन कंपनीचा. पहिल्याला एटीएफ प्लस फोर लागते. दुसऱ्यासाठी कंपनीने आयसिनच्या मानकाचे वेगळेच तेल सांगितले आहे. गाडी तीच, इंजिन तेच, बाहेरून दोन्ही सारख्याच; तरी तेल अदलाबदल केले तर क्लच जातो. आपल्याकडेही फॉर्च्युनर, हायलक्स, स्कॉर्पिओ-एन आणि थार या सगळ्यांचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आयसिनचेच आहेत. पण आयसिनचा म्हणजे एकच तेल, असा निष्कर्ष काढू नये. टोयोटाच्या गिअरबॉक्सला टोयोटा डब्ल्यूएस हे मानक आहे, महिंद्राच्या गाडीला महिंद्राच्या पुस्तिकेत लिहिलेलेच मानक खरे.

मानकानंतर येते चिकटपणाची बाब, म्हणजे तेल किती दाट. ऑटोमॅटिकचे तेल इंजिन ऑइलच्या मानाने फार पातळ असते आणि गेल्या वीस वर्षांत ते आणखी पातळ होत आले आहे. जुने डेक्सरॉन ३ हे १०० अंश सेल्सियसला साधारण ७ ते ७.५ सेंटिस्टोक (चिकटपणाचे एकक) भरते. २००५ मध्ये आलेले डेक्सरॉन ६ सुमारे ६ सेंटिस्टोक, तर टोयोटा डब्ल्यूएस त्याहूनही थोडे पातळ. पातळ तेलामुळे पंपाला कमी ताकद लागते, डिझेल वाचते आणि सोलेनॉइड वॉल्व्ह चटकन काम करतात. मात्र तेल पातळ केले की गिअरच्या दातांमधला थर टिकवायला जास्त चांगले मूळ तेल लागते. ‘आपल्याकडे ऊन फार, म्हणून जरा जाड तेल घालू’ हा गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येणारा सल्ला इंजिनाच्या बाबतीत कधीकधी खपून जातो. ऑटोमॅटिकमध्ये तो सरळ चूक आहे. वॉल्व्ह बॉडीतल्या वाटा ठरावीक चिकटपणासाठी कोरलेल्या असतात. जाड तेलाने क्लच भरायला वेळ लागतो, गिअर उशिरा आणि धक्क्याने पडतो, आणि त्या उशिराच्या क्षणात प्लेटा घासत राहतात.

सिंथेटिक की साधे, या प्रश्नाला या भागाच्या हवामानातून उत्तर द्यावे लागते. सिंथेटिक तेलाची जाहिरात बऱ्याचदा कडाक्याच्या थंडीत चटकन वाहण्यावर केली जाते. वाशीच्या पठारावर थंडीत पारा फार तर १० अंशांच्या खाली-वर जातो. तिथे हा गुण जवळजवळ निरुपयोगी. उपयोगाचा आहे तो दुसरा गुण : उष्णतेत लवकर न करपणे आणि गिअरच्या दातांत भरडले जाऊनही दाटपणा टिकवणे. साध्या तेलाचा दाटपणा टिकवायला लांब साखळीचे पॉलिमर घालतात. गिअर ते पॉलिमर तोडतात आणि तेल हळूहळू पातळ पडते. चांगल्या सिंथेटिकमध्ये मूळ तेलच तापमानाला कमी बदलणारे असते, म्हणून पॉलिमर कमी लागतात. तरीही डब्यावरचा ‘फुल्ली सिंथेटिक’ हा शब्द मानकाची जागा घेऊ शकत नाही. योग्य मानकाचे अर्धसिंथेटिक हे चुकीच्या मानकाच्या भारी सिंथेटिकपेक्षा केव्हाही बरे.

उष्णता हा या तेलाचा खरा शत्रू. साधारण ८० ते ९५ अंशांत तेल वर्षानुवर्षे टिकते. त्यापुढे दर १० अंशांनी त्याचे ऑक्सिडेशन सुमारे दुप्पट वेगाने होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. १२० च्या पुढे तेलातून राळेसारखा तपकिरी थर सुटून वॉल्व्हवर बसू लागतो. १५० च्या आसपास सील कडक होतात आणि क्लचचे अस्तर करपते. आश्चर्य असे, की तेल सर्वांत जास्त तापते ते भरधाव जाताना नव्हे. महामार्गावर लॉक-अप जोडलेला असतो, समोरून वारा असतो, तेल निवांत राहते. ते तापते रांगत्या वाहतुकीत आणि घाटात. चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या यात्रेत, बाहेर ४० अंशांचे ऊन असताना, भरलेली गाडी दोन दोन तास हळूहळू सरकत राहते. लॉक-अप जोडला जात नाही, कन्व्हर्टर सतत घसरतो. कन्व्हर्टरमधून २० किलोवॉट ताकद जात असेल आणि तो ८० टक्के कार्यक्षमतेने चालत असेल, तर ४ किलोवॉट उष्णता थेट तेलात उतरते. रेडिएटरमधून वारा जवळजवळ नसतोच. मांजरसुंब्याच्या घाटात मागे ट्रॉली जोडून जड चढ चढणे हीही तशीच स्थिती. अशा वेळी हाताने खालचा गिअर धरून ठेवला तर इंजिनाच्या फेऱ्या वाढतात, पंप जास्त तेल फिरवतो आणि लॉक-अप लवकर जोडला जाण्याची शक्यता असते. थांबलेल्या रांगेत ब्रेक दाबून ‘डी’ मध्ये ताटकळण्यापेक्षा ‘एन’ किंवा ‘पी’ मध्ये उभे राहणे तेलासाठी हितकारक.

जे मालक ट्रॉली नियमित ओढतात, त्यांनी महागडे तेल शोधण्याआधी ज्यादा कूलरचा विचार करावा. तेल बदलून उष्णता कमी होत नाही, कूलरने होते. पण तो कूलर आणि त्याच्या नळ्या गिअरबॉक्सच्या दाबाला आणि प्रवाहाला साजेशा हव्यात. बाजारू नळी क्लिपने आवळून लावलेला कूलर वाटेत निसटला, तर पाच मिनिटांत गिअरबॉक्स कोरडा पडतो.

इंजिनाचे ‘ट्यूनिंग’ करून घेणारे तरुण आता बार्शी आणि सोलापूरपर्यंत दिसतात. संगणकातला नकाशा बदलून ४०० न्यूटन-मीटरचे ४८० केले, तरी गिअरबॉक्सचा संगणक क्लचवरचा दाब जुन्याच हिशेबाने ठरवतो. प्लेटा घसरतात, तेल करपते. मग ‘रेसिंग’ लिहिलेला डबा आणला जातो. वाढवलेल्या टॉर्कने होणारे नुकसान कोणतेही तेल भरून काढत नाही, आणि हमीही जाते ती वेगळीच.

दुकानात तेल घेताना डब्यावर तीन प्रकारची वाक्ये दिसतात आणि त्यांत फरक आहे. गाडीच्या किंवा गिअरबॉक्सच्या कंपनीने परवाना अथवा मान्यता क्रमांक देऊन मंजूर केलेले तेल हा पहिला, सर्वांत भक्कम प्रकार. ‘अमुक मानकाच्या गरजा पूर्ण करते’ हा तेल कंपनीचा स्वतःचा दावा. नामांकित कंपनीचा असेल तर विचार करण्याजोगा. ‘अमुक गाड्यांत वापरण्यास योग्य’ हे तिसरे वाक्य सर्वांत सैल. ‘सर्व ऑटोमॅटिक गाड्यांसाठी’ असे लिहिलेला डबा हमीतल्या किंवा जड वापराच्या डिझेल गाडीसाठी टाळलेलाच बरा. जपानी वाहनउद्योगाचे जासो १-ए हे मानक बऱ्याच जपानी गिअरबॉक्सना चालणाऱ्या तेलांना मिळते. पण तेही पुस्तिकेत लिहिले असेल तरच आधार धरावे. डेक्सरॉन ३ बद्दल विशेष सावधगिरी हवी. जनरल मोटर्सने या मानकाचे परवाने २००६ च्या अखेरीनंतर देणे थांबवले. त्यामुळे आज दुकानात दिसणाऱ्या ‘डेक्सरॉन ३’ डब्यामागे त्या कंपनीची कोणतीही तपासणी नाही. पॉवर स्टिअरिंगमध्ये टाकायचे लाल तेल, जे गॅरेजमध्ये ‘टीक्यू’ म्हणून मागितले जाते, ते याच जुन्या जातीचे. स्टिअरिंगला ते ठीक. सहा गिअरच्या आधुनिक ऑटोमॅटिकमध्ये लेव्हल कमी दिसली म्हणून तेच ओतणे हा ग्रामीण गॅरेजमधला सर्वांत महागात पडणारा प्रकार आहे.

रंगावरून काहीही ठरत नाही. लाल रंग केवळ इंजिन ऑइलपासून वेगळे ओळखता यावे म्हणून घातलेला असतो. जर्मनीच्या झेडएफ कंपनीचे आठ गिअरच्या गिअरबॉक्ससाठीचे तेल तर हिरवट असते.

मोठ्या वाहनांची गोष्ट थोडी वेगळी. बस, टिपर आणि अग्निशमन गाड्यांत अमेरिकन अ‍ॅलिसन कंपनीचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतात. त्यांचा भारतातला कारखाना चेन्नईजवळच्या ओरगडमला आहे. अ‍ॅलिसन स्वतःची मानके ठरवते : लांब पल्ल्याच्या बदलासाठी टीईएस-२९५ आणि आता त्याची जागा घेणारे टीईएस-६६८, तर कमी अंतराने बदलायच्या तेलासाठी टीईएस-३८९. हेच गिअरबॉक्स २००१ पासून अमेरिकेतल्या ड्युरामॅक्स डिझेल पिकअपमध्ये आले आणि तिथे मालकांना डेक्सरॉन जातीचे स्वस्त तेल की टीईएस-२९५ चे महाग सिंथेटिक, अशी खरी निवड करता येऊ लागली. जड ओझे ओढणाऱ्यांनी सिंथेटिक घ्यावे हा निष्कर्ष तिथे रास्त होता, कारण दोन्ही जातींना मान्यता होती. मान्यता एकालाच असेल तिथे निवडीचा प्रश्नच उरत नाही. चंद्रपूर, वणी पट्ट्यातल्या कोळसा खाणींत फिरणाऱ्या प्रचंड डंपरचे तेल आणखी निराळे. कॅटरपिलरच्या टीओ-४ मानकाचे हे तेल दाट आणि जोरदार पकडीचे असते. ते स्वस्तात मिळाले म्हणून पिकअपमध्ये ओतणे म्हणजे गिअरबॉक्स मारणे.

तेल कधी बदलावे, यावर कंपन्यांची भाषा फसवी आहे. कित्येक गाड्यांच्या पुस्तिकेत ऑटोमॅटिकचे तेल ‘आयुष्यभरासाठी’ असे सूचित केलेले असते. पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफच सांगते, की तिच्या मोटारींसाठीच्या गिअरबॉक्सचे तेल वापराप्रमाणे ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांनी बदलावे. बनवणारा असे म्हणत असेल, तर ‘आयुष्यभर’ हा शब्द मालकाने गंभीरपणे घेऊ नये. पुस्तिकेत शेवटी ‘कठीण वापर’ असा वेगळा तक्ता असतो. धूळ, घाट, ट्रॉली, भर उन्हातली रांगती वाहतूक हे सगळे त्यात मोडते. वाशी, भूम, पाटोदा भागातल्या बहुतेक गाड्यांचा वापर प्रामाणिकपणे याच तक्त्यातला आहे, तेव्हा अंतरही त्यातलेच धरावे.

बदलण्याची रीत तेलाइतकीच महत्त्वाची. चेंबरचा बोल्ट काढला की सगळे तेल निघत नाही. सहा गिअरच्या गिअरबॉक्समध्ये एकूण साधारण ८ ते ११ लिटर तेल असते. त्यातले निम्मे किंवा त्याहून कमी बाहेर येते, उरलेले कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरमध्ये राहते. म्हणून काही शे किलोमीटरच्या अंतराने दोन-तीनदा काढ-भर केली की जुने तेल बऱ्यापैकी जाते. यंत्राने दाब देऊन एकदम सगळे बदलण्याची पद्धतही आहे. नियमित बदल झालेल्या गाडीत तिला हरकत नाही. दीड-दोन लाख किलोमीटर तेलाला हातच न लावलेल्या आणि आधीच घसरणाऱ्या गाडीत मात्र ती टाळावी.

चेंबर उघडला की आतले लोहचुंबक नीट पाहावे. त्यावर करडी, मऊ, बोटाने पुसली जाणारी पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज. बोटांना टोचणारे चकचकीत तुकडे असतील तर गिअर किंवा बेअरिंग तुटत आहे. तळाला काळा, कागदी गाळ आणि जळका वास असेल तर क्लचचे अस्तर गेले, आणि आता तेल बदलणे हा उपाय राहिलेला नाही. तेल गुलाबी, दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे.

या शेवटच्या खुणेचा संबंध मराठवाड्यातल्या एका सवयीशी आहे. बऱ्याच गाड्यांत ऑटोमॅटिकचे तेल रेडिएटरच्याच पाण्याने थंड होते. तेलाची नळी आणि कूलंट यांच्यामध्ये फक्त पातळ धातूचा पडदा असतो. कूलंट कमी झाले की हातपंपाचे किंवा बोअरचे पाणी ओतले जाते. हे पाणी क्षारांनी जड असते. आत चुनखडी बसते, धातू कुरतडला जातो, आणि एके दिवशी पडद्याला भोक पडून पाणी तेलात मिसळते. पाण्याने क्लचच्या अस्तराचा चिकटा सुटतो. शेकडो किलोमीटरही लागत नाहीत. तेलावर हजारो रुपये खर्च करणाऱ्याने कूलंटमध्ये बोअरचे पाणी घालू नये. अगदीच नड असेल तर बॅटरीचे शुद्ध पाणी घालून पुढे योग्य कूलंट भरून घ्यावे.

तेलाची पातळी मोजणे हे इथल्या उन्हाळ्यात वेगळेच कौशल्य आहे. नव्या गाड्यांत पट्टी नसते. तेल ठरावीक तापमानाला, बहुधा ४० अंशांच्या आसपासच्या छोट्या पट्ट्यात असताना, इंजिन चालू ठेवून बाजूचा बोल्ट काढायचा आणि थेंब थेंब तेल ओघळू लागले की पातळी बरोबर. उष्णतेने तेल फुगते, म्हणून तापमान चुकले की पातळी चुकते. मे महिन्यात दुपारी उन्हात उभ्या गाडीचे तेल सुरू करण्याआधीच या मर्यादेला टेकलेले असते. नुकत्याच चालवून आणलेल्या गाडीचे तर ८० अंशांवर. त्यात मोजले तर फुगलेले तेल जास्त बाहेर पडते आणि थंड झाल्यावर ते कमी भरते. मग पंप हवा ओढतो. जास्त भरले तर गिअर तेल घुसळून फेस करतात आणि फेसाला दाब धरत नाही. म्हणून उन्हाळ्यात हे काम रात्रभर सावलीत थांबलेल्या गाडीवर, सकाळी, स्कॅनरवर तापमान पाहतच करावे. ज्या गॅरेजकडे स्कॅनर नाही, त्याच्याकडून ऑटोमॅटिकचे तेल बदलून घेऊ नये, इतके हे स्पष्ट आहे.

बनावट तेलाचा धोका खराच. नावाजलेल्या कंपन्यांच्या रिकाम्या डब्यांत भलतेच तेल भरून विकले जाते. बार्शी, धाराशिव किंवा सोलापूरच्या अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर तेल घ्यावे, बॅच क्रमांक बिलावर लिहून घ्यावा, आणि काम झाल्यावर रिकामा डबा समोरच फोडून टाकावा. बिल आणि तेव्हाचे किलोमीटर वहीत टिपून ठेवले तर हमीच्या वादात तेच कामी येते.

काढलेले तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली घातक कचऱ्यात मोडते. दाराच्या चौकटीला वाळवी लागू नये म्हणून ते लावण्याची, किंवा बांधाला ओतून देण्याची पद्धत आहे. एका गाडीतून निघालेले दहा लिटर तेल विहिरीजवळच्या मातीत मुरले तर ते पाण्यापर्यंत पोचते. ते झाकणाच्या डब्यात साठवून अधिकृत गोळा करणाऱ्याकडे देणाऱ्या गॅरेजलाच काम द्यावे, आणि गावातल्या गॅरेजकडे तशी सोय नसेल तर ती करण्याचा आग्रह धरावा.